चार रविवारांची कहाणी

बाळांनो, आपली इमारत पाडायचं शेवटी ठरलं. बिल्डरच्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि नाताळ उलटला की घरं रिकामी करून द्यायची आहेत. तुमच्या मामाने माझ्यासाठी कर्वेनगरातच भाड्याची जागा पाहिली आहे. तिथे लिफ्ट आहे, तेव्हा मी कुरकुर करायची नाही, असंही त्याने फोनवर बजावलं. मी कुरकुर करत नाही. रोज एक कपाट याप्रमाणे आवरते आहे, ठेवायचं आणि देऊन टाकायचं असे दोन ढीग करते आहे, आणि दोन्ही वेळेत होतील. राहता राहिली ती आतली खोली. ती ठेवताही येत नाही आणि कुणाला देताही येत नाही. म्हणून तिच्यात काय घडलं ते तुम्हाला लिहून पाठवते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. जन्मभर मी तेच शिकवलं. पण त्या खोलीत जे बोललं गेलं ते मराठीत बोललं गेलं, आणि इंग्रजीत नेताना त्यातलं निम्मं वाटेतच सांडेल. सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आजूबाजूला शेतं होती, रस्त्यावर दिवे नव्हते, आणि बस यायची तेव्हा यायची. आपलं चर्च लष्करात, म्हणजे कॅम्पात, आणि सगळे नातेवाईकही तिकडेच. ते म्हणायचे, नदी ओलांडून कुठे निघालात, नाताळात दारात गाणी म्हणायला तिकडे कोण येणार? खरंच कोणी येत नसे. एका घरासाठी तबला-पेटी घेऊन एवढ्या लांब सायकली कोण हाणणार! पण जागा स्वस्त होती. तुमचे आजोबा खडकीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि मी पेठेतल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. दोघांच्या पगारात तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच बसलं.

या घरात आल्यावर माझी दोन गरोदरपणं अर्ध्यात गेली. पहिलं अगदी सुरुवातीला गेलं. दुसरं पाचव्या महिन्यात गेलं, आणि तोवर मी शाळेत सगळ्यांना सांगून बसले होते. मुलींनी माझ्या टेबलावर फुलं ठेवली होती. त्यानंतर पुन्हा वर्गात उभी राहिले तेव्हा कोणीच काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं मला फार जड गेलं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "आता पलंगावरून उतरायचं नाही. बाळ हातात येईपर्यंत." पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवायच्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. उठायचं नाही, बसायचं नाही, सगळे विधी पलंगावरच. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. तुमच्या आजोबांनी नगरला तार केली आणि माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, मिळेल त्या एसटीने येऊन हजर झाल्या.

सासूबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्याच वर्षी निवृत्त झालेल्या. त्यामुळे मला सासू मिळाली नाही, वॉर्डची सिस्टर मिळाली. बरोबर एक ट्रंक कपड्यांची आणि एक सामानाची: एनॅमलची भांडी, सुईची डबी, रबरी चादर. दर आठवड्याचं इंजेक्शन त्याच द्यायच्या. छोट्या पातेल्यात सुई उकळत ठेवली की स्वयंपाकघरातून तो खुळखुळ आवाज यायचा आणि माझं अंग आधीच आखडायचं. कुशीवर वळायचं तर विचारून. वाचायचं तर थोडं, डोळ्यांना ताण नको. भेटायला कोणी यायचं नाही.

आतल्या खोलीला एकच खिडकी. पलंगावरून त्यातून कुंपणाच्या भिंतीचा वरचा काठ दिसे, त्यावर रोवलेल्या काचा, वरच्या मजल्यावरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप आणि पट्टीएवढं आकाश. डोकं सतत खाली असल्याने कानशिलं ठणकत. छतावर ओलीचा एक डाग होता, त्याचा नकाशा मला पाठ झाला. शाळेत माझा सगळा दिवस घंटेवर चाले. इथे दिवस कशावर चालतो तेच कळेना. दुधाच्या बाटल्यांचा आवाज, पाण्याचा पंप, आजोबांची सायकल बाहेर पडल्याचा आवाज, मग संध्याकाळपर्यंत काहीही नाही.

या सगळ्याहून वाईट गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. मला शेवट माहीत होता. तोच रस्ता, तोच दवाखाना, येताना रिक्षात मांडीवर रिकामी पिशवी. मी बाळासाठी पडून होते असं सगळ्यांना वाटत होतं. मी फक्त ते सगळं उरकण्याची वाट बघत होते. जानेवारीत शाळेत रुजू व्हायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. नववीचा कोणता धडा कुठून सुरू करायचा, तेही.

अशात आगमनकाळ आला. तुम्ही तिकडे डिसेंबरभर रोज कॅलेंडरातली एक खिडकी उघडून चॉकलेट काढता, तोच. आपल्याकडे नाताळाआधीचे चार रविवार. तुमच्या आजोबांच्या घरात रीत होती की पितळी ताटात चार मेणबत्त्या ठेवायच्या, पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चढत जायच्या, आणि बायबलातल्या शुभवर्तमानातला एक भाग वाचायचा. आम्हीही ते करत होतो. पहिल्या रविवारी आजोबांनी माळ्यावरून ताट काढलं आणि पुसत खोलीत आले.

"यंदा नको," मी म्हटलं.

ते म्हणाले, "बरं." ताट परत वर गेलं. त्यांना कारण विचारायचा धीर झाला नसावा. येणाऱ्या बाळाची वाट बघा, असं चार आठवडे कोणी मला सांगणार होतं, मग ते बाळ साक्षात प्रभूचं का असेना, ते मला सोसणार नव्हतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या दिवशीचं इंजेक्शन जरा जोरात बसलं.

संध्याकाळी खिडकीत एक डोकं आलं. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू. नारायण पेठेत जन्म गेलेला, यजमान पोस्टातून निवृत्त झाल्यावर इथे आलेल्या, आणि पेठेतली जीभ बरोबर घेऊन आलेल्या. सासूबाई त्यांना दारातून आत घेत नसत, म्हणून त्या फिरून खिडकीशी येत. मार्गशीर्षातले गुरुवार त्या निष्ठेने करत: सकाळपासून उपास, संध्याकाळी कलश मांडून देवीची पूजा, कहाणीची पोथी वाचायची, मग फळांचा प्रसाद. मागच्या गुरुवारी त्यांनी खिडकीतून केळं पुढे केलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "प्रसाद आम्ही घेत नाही." त्यावर काकू म्हणाल्या, "मग फळ म्हणून घ्या. सालीवर काही लिहिलेलं नाही." आणि केळं खिडकीत ठेवून गेल्या होत्या.

आज हातात काही नव्हतं.

"काय मास्तरीणबाई, तुमचं रविवारचं मांडलं नाही अजून?"

"काय मांडायचं, काकू?"

"मेणबत्त्या हो. गेल्या वर्षी बघितलं ना मी. पहिल्या रविवारी एक, मग दोन, मग तीन. चार झाल्या की तुमचा सण. माझे गुरुवार आणि तुमचे रविवार जोडीनेच येतात. आज एक लागायला हवी होती."

"यंदा नाही करत."

काकूंचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्याच घरातलं काही फोडलं. "म्हणजे धरलेलं व्रत सोडलंत?"

मी उत्तर देण्याआधी सासूबाई पदराला हात पुसत आत आल्या. "आमच्यात व्रतं नसतात, बाई. नवस नाही, सोवळं नाही, उद्यापन नाही. आम्ही प्रार्थना करतो."

"हो का? मग वार धरून मेणबत्त्या कोण लावतं?"

"तो आगमनकाळ असतो."

"नाव काही का असेना. चार वार, दिवा, वाचन, आणि शेवटी गोडाचं जेवण. मग व्रत म्हणजे आणखी काय असतं?" काकू माझ्याकडे वळल्या. "धरलेले वार मध्येच सोडू नयेत, आणि पोटात बाळ असताना तर नाहीच नाही. उभ्याने जमत नसेल तर आडवं पडून करा. वरून बघणाऱ्याला उभं काय नि आडवं काय."

डोकं खिडकीतून गेलं. सासूबाई बराच वेळ पुटपुटत होत्या. पण आपल्या घरची रीत सुनेने मोडली याचं दुःख त्यांनाही होतं, आणि ते बोलून दाखवणारं माणूस अचानक खिडकीत उगवलं होतं.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सासूबाईंनी मला न विचारता दोन मेणबत्त्या पेटवल्या. माळ्यावर त्यांना चढता येत नव्हतं, म्हणून ताटाऐवजी त्यांची एनॅमलची किडनी ट्रे, दवाखान्यातली ती वाकडी थाळी, होती. मेण ओघळवून त्यात मेणबत्त्या चिकटवल्या आणि स्टुलावर ठेवल्या. "शेजाऱ्यांचा गैरसमज नको," एवढंच म्हणाल्या. मग दार उघडलं. काकू चपला काढून आत आल्या, आल्या त्या सरळ पलंगाशी बसल्या. त्यांची उजवी मूठ मिटलेली होती.

"आता कहाणी. कोण वाचतंय?"

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्या म्हणाल्या, "मला पाठ आहे. मी सांगते, आणि तिचा अर्थही सांगते."

"अर्थ नको. प्रवचनाला मी मंगळवारी जाते. कहाणी हवी."

म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला नको होतं, पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. उताण्याने पुस्तक तोंडावर धरून मी वाचायला लागले. एक म्हातारा याजक, त्याची म्हातारी बायको, दोघं सज्जन, पण मूल नाही. प्रत्येक वाक्याला काकू "हूं" म्हणत. सासूबाईंनी विचारलं, "मुठीत काय आहे?"

"तांदूळ. रिकाम्या हाताने कहाणी ऐकू नये. तुमच्यावर नाही टाकणार, घाबरू नका."

मी पुढे वाचलं. मंदिरात देवदूत येतो, मूल होईल म्हणतो, म्हाताऱ्याला पटत नाही, आणि पटलं नाही म्हणून मूल होईपर्यंत तो मुका होतो.

"थांबा. नऊ महिने मुका?" काकू म्हणाल्या. "नऊ महिने गप्प बसलेला नवरा! पावला हो तुमचा देव."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. हसू लपवायला, हे मला खालून दिसलं.

पुढचं वाक्य मी लहानपणापासून शेकडो वेळा वाचलं आणि ऐकलं होतं. त्या म्हातारीला दिवस गेले, आणि पाच महिने ती लपून राहिली. मी ते नेहमीप्रमाणे वाचून पुढे निघाले होते.

"लपून का?" काकूंनी विचारलं.

असा प्रश्न कोणत्याही उपदेशात मी ऐकला नव्हता.

"आधीची गेली असतील तिची," काकू आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "आधी लोकांना सांगून बसली असेल. मग तोंड कसं दाखवायचं? म्हणून लपली. मीही कोणाला सांगत नसे." आणि लगेच, आवाज न बदलता, "मग? राहिलं का ते मूल?"

मला पुढे वाचता येईना. सासूबाई सांगायला पुढे सरकल्या तशा काकू ओरडल्या, "सांगू नका! पुढच्या रविवारी."

त्या गेल्यावर मी डागाकडे बघत पडून राहिले. ही म्हातारी मला इतकी वर्षं माहीत होती. ती घरात एकटी काय करत असेल, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. तिला शेवट माहीत नव्हता. पुस्तक तिच्या हातात नव्हतं.

याने मी एकदम बरी झाले असं समजू नका. सोमवार उजाडला तो तसाच उजाडला. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून सासूबाई स्पिरिट चोळत, मग पावडर, मग चादर ताणून बसवणं. मला स्वतःच्या शरीराची चीड येई, त्याच्यावर सगळ्यांचा हक्क होता आणि माझा तेवढा नव्हता. त्या आठवड्यात मी एकदा सासूबाईंना म्हटलं, "आई, एकदाच उठून दारापर्यंत जाऊ द्या."

"दारात काय आहे?"

"काही नाही."

"मग काही नाही बघायला कशाला उठायचं?" त्या म्हणाल्या, आणि उशी सारखी केली.

तिसऱ्या रविवारी ट्रेमध्ये तीन मेणबत्त्या होत्या. आता कहाणीत दुसरी बाई आली, नात्यातली, वयाने लहान, लग्न ठरलेली मुलगी. तिलाही देवदूत भेटतो, आणि ती तडक त्या म्हातारीकडे निघते, डोंगरातल्या गावी.

"एकटी? पोरीच्या आईला विचारलं का?" काकूंना ते मुळीच आवडलं नाही. पण मुलगी दारात आली, तिने हाक मारली, आणि ती हाक कानावर पडताच म्हातारीच्या पोटात बाळाने उडी मारली, हे मी वाचलं तेव्हा त्या बसल्या जागेवरून पुढे झुकल्या. "हललं? म्हणजे जिवंत आहे. सुटली बिचारी!"

माझं बाळ दोन दिवस हललं नव्हतं. मी कोणाला बोलले नव्हते. त्या दोघी बाहेर गेल्यावर मी पोटावर हात ठेवून वाट बघितली. काही झालं नाही. कहाणीतल्या बाळाने उडी मारायची आणि माझ्याने नाही, याचा मला भयंकर राग आला. मग मंगळवारी, सासूबाई दारात दूधवाल्याशी फुटक्या बाटलीवरून वाद घालत होत्या आणि माझं सगळं लक्ष त्या वादात होतं, तेव्हा ते हललं. मी ते कोणालाच सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी मला रक्त दिसलं.

सासूबाईंनी चादर पाहिली आणि त्यांचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. नर्सचा चेहरा. आजोबा खडकीला, इमारतीत फोन नाही, आणि त्या मला सोडून जाऊ शकत नव्हत्या. त्या खिडकीशी गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा वरच्या बाईंना नुसतं "बाई" न म्हणता त्यांनी हाक मारली, "काकू! अहो काकू!"

वर त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर पूजा मांडली होती, संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते. काकू सकाळपासून उपाशी, पोथी अर्धी वाचून झालेली. त्या जिन्याने धावत खाली आल्या, अंगावर पूजेची रेशमी साडी. मला पाहिलं आणि तशाच रस्त्याकडे पळाल्या. त्या काळात इथे रिक्षा मिळणं म्हणजे नशीब. पुढे डॉक्टरीणबाईंनीच मला सांगितलं, की काकू दवाखान्यात शिरल्या, बाकावर बसलेल्या बायकांना म्हणाल्या, "तुमची दुखणी उद्यापर्यंत टिकतील," आणि डॉक्टरीणबाईंची बॅग स्वतःच उचलून बाहेर पडल्या.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी ठेवून ऐकलं. खूप वेळ. "ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "रक्त थांबलं तर थांबलं. आत्ता हिला हलवू नका. या रस्त्याने रिक्षात घातलीत तर दवाखान्यापर्यंत काही उरणार नाही." म्हणजे उपाय एकच, होते तशीच पडून राहायचं.

त्या गेल्या. काकू पलंगाशी बसून राहिल्या. सासूबाईंनी त्यांच्यासाठी चहा आणला, मग आठवून कप परत उचलला. "तुमचा उपास आहे ना?"

"आहे."

"आणि पूजा?"

"राहिली अर्धी."

"मध्येच सोडू नये म्हणता ना?" सासूबाईंच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच काळजी वाटली होती.

"मी सोडली कुठे? उठले फक्त." काकूंनी साडीच्या निऱ्यांवरची धूळ झटकली. "तिला कळतं. तीही बाईच आहे."

रक्त शुक्रवारी कमी झालं, शनिवारी डागांपुरतं उरलं. रविवारी संध्याकाळी आजोबा माझ्या पायाशी बसले होते, ट्रेमध्ये चार मेणबत्त्या होत्या, काकू मूठ मिटून आल्या होत्या, आणि मी म्हटलं, "आज मी वाचणार नाही."

पुढे काय येतं ते मला माहीत होतं. म्हातारीचं बाळ सुखरूप होतं, शेजारपाजारचे गोळा होऊन आनंद करतात. ते माझ्या तोंडाने मोठ्याने वाचणं मला शक्य नव्हतं. सासूबाईंनी पुस्तक घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं, खिडकीकडे फिरवलं. आजोबा हात पुढे करणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आणा इकडे. माझा चष्मा नवा आहे."

मग एक अडचण आली. पुस्तक धरायला दोन्ही हात हवेत. त्यांनी मूठ सासूबाईंपुढे केली. "मग हे तुम्ही धरा. ऐकणाऱ्याच्या हातात असावेत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग ओंजळ पुढे केली आणि तांदूळ घेऊन मूठ मिटली. मी खालून बघत होते. नगरच्या चर्चच्या मंडळीतली कोणी बाई त्या वेळी दारात आली असती तर सासूबाईंनी मूठ तशीच ठेवली असती का, मला सांगता येत नाही. त्या संध्याकाळी ठेवली, एवढं मी पाहिलं.

काकूंनी वाचायला घेतलं, गुरुवारच्या पोथीच्या चालीत, वाक्याच्या शेवटी सूर उचलून. परकी नावं त्यांच्या जिभेला वळेनात. अडल्या की त्या "अमुक" म्हणत आणि पुढे जात. सासूबाईंनी एकदाही सुधारलं नाही. आणि मग त्या थांबल्या. तीच ओळ मनात पुन्हा वाचली.

"झालं!" त्या ओरडल्या. "अहो, मुलगा झाला तिला! या वयात! सुखरूप!" चष्म्याखालून त्यांनी डोळे पुसले आणि माझ्यावर उखडल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि चेहऱ्यावर दिसू दिलं नाहीत? धन्य आहे! मी तर धरूनच चालले होते की ते काही राहायचं नाही."

मला हसू आलं. सासूबाई म्हणाल्या, "हसू नकोस, पोटाला ताण पडतो." आजोबाही हसायला लागले आणि उठून बाहेरच्या खोलीत गेले. खूप वेळ आले नाहीत.

काकूंचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. शेवट वाईट आहे हे त्यांनी माझ्याइतकंच पक्कं धरलं होतं. तरी त्या दर रविवारी मूठभर तांदूळ घेऊन जिना उतरून येत होत्या. मी तेवढंसुद्धा करत नव्हते. आणि शेवट त्यांना ठाऊक नव्हता, हे उघडच होतं. मग मलाच तो कुठून ठाऊक होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा सायकल काढत होते तेव्हा मी आतून हाक मारली. "शाळेत निरोप द्या. जूनपर्यंत माझी वाट बघू नका म्हणावं."

"जून?"

"जून."

ते दारात उभे राहिले आणि मग घंटी वाजवत निघून गेले. घंटी वाजवण्यासारखं रस्त्यात काहीच नव्हतं.

नाताळाच्या आदल्या दिवशी काकूंनी खिडकीतून विचारलं, "उद्यापन कधी?" सासूबाई करंज्या तळत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्याला आम्ही नाताळ म्हणतो. उद्या दुपारी जेवायला या. तुमचं वेगळ्या भांड्यात केलंय." काकू आल्या. जेवल्या. करंजीत सारण कमी आहे म्हणाल्या.

मी अजून पलंगावरच होते. विटा तशाच, डाग तसाच, काचा तशाच. जानेवारी फार लांबला. भीती गेली नव्हती. ती रोज सकाळी माझ्याआधी जागी असायची. पण आता मला पुढचं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना पडून राहणं हे ठाऊक असताना पडून राहण्यापेक्षा सोपं होतं.

फेब्रुवारीत, वेळेच्या बरंच आधी, तुमची आई जन्मली. तळहातावर मावेल एवढी होती असं आजोबा सांगत, ते खोटं, पण फार खोटं नाही. दवाखान्यात तिला कापसात गुंडाळून ठेवलं होतं आणि सासूबाई तिथल्या नर्सांच्या उरावर बसून होत्या. मी घरी आले तेव्हा माझे पाय चालायचं विसरले होते. आतल्या खोलीपासून दारापर्यंत जायला मला काकूंचा खांदा धरावा लागला. दारात त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बघा. काही नाहीये इथे." सासूबाईंनी त्यांना कधीतरी सांगितलं असणार.

आता सासूबाई नाहीत, काकू नाहीत, तुमचे आजोबा नाहीत. पितळी ताट मी चर्चला देऊन टाकलं, ट्रे कुठे गेली ठाऊक नाही. आगमनकाळाच्या चारही रविवारी संध्याकाळी मी तो अध्याय अजून मोठ्याने वाचते, एकटी असले तरी, आणि चौथ्या रविवारच्या आधी तो पुरा करत नाही.